साकुरा : बाराशे वर्षांचा वसंतोत्सव



जपानी भाषेत 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे पाहणे. या दोन लहानशा शब्दांतून 'हानामी' हा शब्द सिद्ध झाला. शब्दशः अर्थ घेतला, तर 'फुले पाहणे' एवढाच. या उत्सवाला ठरलेली तिथी नाही. त्याचा पूजाविधी नाही, मुहूर्त नाही, मिरवणूक नाही. झाडांना बहर येतो, घरोघरीची माणसे शिदोरी घेऊन झाडाखाली जाऊन बसतात, खातात-पितात, गातात आणि आठवड्याभरात पाकळ्या गळून गेल्या की उत्सव संपतो. असे असूनही ही प्रथा गेली बाराशे वर्षे अखंड टिकून आहे. राजवटी बदलल्या, राजधानी क्योतोहून तोक्योला आली, देश महायुद्धात होरपळला, अणुबॉम्ब पडले, भूकंप झाले. परंतु वसंत आला की जपानी माणूस साकुराच्या झाडाखाली जाऊन बसतो. साकुरा म्हणजे चेरी. मात्र आपण बाजारात पाहतो त्या फळांच्या चेरीशी हिचा संबंध दूरचा. ही झाडे केवळ फुलांसाठी जोपासली जातात.

एखादी प्रथा इतकी वर्षे टिकते, तेव्हा ती कोणी टिकवली, कशासाठी टिकवली आणि मधल्या काळात तिचा कोणी कसा उपयोग करून घेतला, हे पाहणे उद्बोधक ठरते. साकुराची कथा त्या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. तिच्यात सौंदर्य आहे, भक्ती आहे, कष्ट आहेत आणि मान खाली घालावी असा एक काळही आहे.

आधी आंबट आलुबुखार, मग साकुरा

आज जपान म्हटले की साकुरा डोळ्यांपुढे येते. परंतु आरंभी तसे नव्हते. आठव्या शतकात नारा येथे राजधानी असताना दरबारावर चीनच्या तांग राजवटीचा मोठा प्रभाव होता. लिपी, नगररचना, राज्यव्यवहार अशा कितीतरी गोष्टी तेथून आल्या, तसे फुलांचे कौतुकही आले. चिनी विद्वानांचे आवडते फूल 'उमे', म्हणजे आलुबुखाराच्या जातीच्या एका झाडाचे सुगंधी फूल. ते थंडी सरण्यापूर्वीच उमलते. 'मान्योशू' हा जपानचा सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्यात सुमारे साडेचार हजार कविता आहेत. त्यांपैकी उमेवरच्या कविता शंभराहून अधिक, तर साकुरावरच्या चाळीसच्या आसपास आहेत.

पुढे राजधानी क्योतोला आली. नवव्या शतकाच्या अखेरीस तांग दरबाराकडे राजदूत पाठवण्याची पद्धत बंद झाली आणि जपानी मन स्वतःकडे वळले. राजवाड्याच्या मुख्य सभागृहासमोर उमेचे झाड होते. त्याच्या जागी नवव्या शतकातच साकुरा लावली गेली. इ. स. ९०५च्या सुमारास 'कोकिन वाकाशू' हा दुसरा महत्त्वाचा काव्यसंग्रह संकलित झाला, तोवर पारडे पूर्ण फिरले होते. त्यानंतर जपानी कवितेत नुसते 'फूल' म्हटले, तरी साकुरा असाच अर्थ घेतला जाऊ लागला. बाहेरून आलेल्या आवडीची जागा घरच्या डोंगरात फुलणाऱ्या झाडाने घेतली. हे कोणाच्या फर्मानाने झाले नाही. हळूहळू अभिरुची पालटत गेली.

हानामीची पहिली नोंद मिळते ती इ. स. ८१२ची. सम्राट सागा यांनी क्योतोतील 'शिन्सेन-एन' या उद्यानात फुले पाहण्यासाठी मेजवानी ठेवली आणि दरबारी विद्वानांकडून कविता रचून घेतल्या, असे 'निहोन कोकी' या राजवृत्तांतात नमूद आहे. तेथून ही दरबाराची वार्षिक प्रथा झाली.

दरबाराबाहेर शेतकऱ्यांचे साकुराशी वेगळे नाते होते. डोंगरउतारावर साकुरा फुलली की भाताच्या कामाला लागायचे, हे त्यांचे पंचांग. डोंगरावरचा देव वसंतात शेतात उतरतो आणि साकुरा हे त्याचे आसन, अशी लोकश्रद्धा होती. बहर भरघोस आला तर पीक चांगले येईल, असे मानले जाई. दरबारातील कविता आणि शेतातील श्रद्धा असे दोन झरे पुढे एकत्र आले. म्हणूनच हा उत्सव एका वर्गाचा राहिला नाही.

देवाला वाहिलेला डोंगर

नारा प्रांतातील योशिनो हा डोंगर साकुराचे माहेरघर. तेथे पिढ्यान् पिढ्या सुमारे तीस हजार झाडे सांगितली जातात. पायथ्यापासून शिखरापर्यंत त्यांचे चार भाग पाडले आहेत आणि बहर खालून वर चढत जातो. त्यामुळे योशिनोत फुले जास्त दिवस पाहायला मिळतात. या झाडांमागे एक श्रद्धा आहे. सातव्या शतकातील 'एन नो ग्योजा' या तपस्व्याने येथे साधना केली. त्याला 'झाओ गोंगेन' या उग्र देवतेचे दर्शन झाले आणि तिची मूर्ती त्याने साकुराच्या लाकडात कोरली, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून साकुरा हे त्या देवतेचे झाड झाले. यात्रेकरू येताना रोप आणून देवाला वाहू लागले. झाड तोडणे हे पाप ठरले. कोणी सौंदर्यासाठी आखणी करून लावलेले हे उद्यान नव्हे. हजार वर्षांच्या नवसांतून आणि अर्पणांतून हा डोंगर फुललेला आहे. २००४ साली कीई पर्वतरांगेतील पवित्र स्थानांसह योशिनोचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचला आणि त्याच्यासोबत भारतभूमीतील 'अनित्य' ही कल्पनाही गेली. जे उपजते ते नाश पावते, हे सांगण्यासाठी आठवड्यात गळणाऱ्या फुलाइतका समर्पक दृष्टान्त कोणता असणार? बाराव्या शतकातील साइग्यो हा कवी मूळचा योद्धा. तरुणपणीच त्याने संसार सोडून भिक्षुवस्त्रे घेतली आणि योशिनोच्या परिसरात वास्तव्य केले. फुलांच्या छायेत, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या सुमारास, पौर्णिमेच्या दिवसांत मरण यावे, अशी इच्छा त्याने कवितेत व्यक्त केली होती. ११९० साली दुसऱ्या चांद्रमासाच्या सोळाव्या दिवशी त्याचे निधन झाले. समकालीनांना त्याचे आश्चर्य वाटले आणि आजही जपानमध्ये ही गोष्ट आदराने सांगितली जाते.

याच फुलांचा दुसरा उपासक होता सत्तेच्या शिखरावरचा. विस्कळीत जपानला एकछत्री अमलाखाली आणणारा सेनानी तोयोतोमी हिदेयोशी याने १५९४ साली पाच हजारांचा लवाजमा घेऊन योशिनोत हानामी केली. १५९८ साली क्योतोजवळच्या दाइगो-जी मंदिरात त्याने सुमारे सातशे झाडे लावून घेतली आणि तेराशे निमंत्रितांसह थाटामाटाचा सोहळा केला. त्याच वर्षी शरद ऋतू येता येता तो मरण पावला. दाइगो-जीमध्ये त्या सोहळ्याच्या स्मरणार्थ आजही दर एप्रिलमध्ये मिरवणूक निघते.

शोगुनने लावलेली झाडे, प्रजेने केलेला उत्सव

हानामी सर्वसामान्यांची झाली ती एदो काळात. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तेथे उएनोच्या मंदिर-परिसरात साकुरा होती. परंतु ते शोगुन घराण्याचे पवित्र स्थान. तेथे गाणे-बजावणे आणि मद्यपान यांना मनाई होती आणि संध्याकाळी दरवाजे बंद होत. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने हा काटकसरीसाठी आणि सुधारणांसाठी प्रसिद्ध होता. त्याने १७२०च्या सुमारास शहराच्या उत्तरेला आसुकायामा या टेकडीवर बाराशेहून अधिक रोपे लावून घेतली आणि पुढे ती टेकडी लोकांसाठी खुली केली. सुमिदा नदीच्या बांधावरही त्याने साकुरा लावली. आसुकायामावर गाण्याला, नाचाला, सोंगांना मुभा होती. कारागीर, दुकानदार, मोलकरणी, सगळे तेथे येऊ लागले. वर्षभर उच्च-नीच मर्यादांत बांधलेल्या समाजाला एक दिवस मोकळा श्वास घेण्याची ती जागा होती.

खाद्यपदार्थांचीही परंपरा तेथून वाढली. सुमिदाकाठच्या चोमेइ-जी मंदिराचा एक द्वारपाल गळलेली पाने झाडून कंटाळला; त्याने ती मिठात मुरवली आणि गोड सारणाच्या वड्यांभोवती गुंडाळून विकायला ठेवली. 'साकुरामोची' हा पदार्थ १७१७ साली असा जन्मला, असे सांगतात. गुलाबी, पांढरा आणि हिरवा अशा तीन रंगांच्या तांदूळपिठाच्या गोळ्या काडीला टोचून खाण्याची चालही हानामीचीच. 'फुलांपेक्षा लाडू बरे' अशा अर्थाची एक म्हण जपानीत आहे. स्वतःच्या रसिकतेकडे असे हसून पाहण्याचा मोकळेपणा त्या लोकांत आहे.

एकाच झाडाची लाखो कलमे

आज जपानच्या शाळांत, नदीकाठांवर, उद्यानांत जी साकुरा दिसते, ती बहुतांशी 'सोमेइ-योशिनो' या एकाच वाणाची आहे. एदोच्या परिसरात सोमेइ नावाचे रोपवाटिकांचे गाव होते. तेथील माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात हे झाड प्रसारात आणले. १९०० साली त्याचे 'सोमेइ-योशिनो' हे नामकरण झाले. हा संकर आहे आणि बियांपासून तसाच वाण मिळत नाही. म्हणून प्रत्येक झाड कलमाने तयार करावे लागते. म्हणजे देशभरातली ही लाखो झाडे एकाच मूळ झाडाच्या फांद्या आहेत, असे म्हटले तरी चालेल. पाने येण्यापूर्वी सगळे झाड फुलांनी भरून जाते, ते लवकर वाढते आणि जनुके एकच असल्यामुळे एका परिसरातील सगळी झाडे एकाच वेळी फुलतात. डोळ्यांचे पारणे फिटते ते यामुळे.

परंतु या एकरूपतेची किंमतही आहे. जेथे सारी झाडे एकसारखी, तेथे एकाला लागलेली कीड सर्वांना लागू शकते. २०१२ साली आइची प्रांतात लाल मानेचा एक परदेशी भुंगा आढळला. त्याच्या अळ्या साकुराचे खोड आतून पोखरतात. २०१८ साली सरकारने त्याचा घातक परकीय प्रजातींत समावेश केला. युद्धानंतर लावलेली असंख्य झाडे आता एकाच वेळी म्हातारी होत आहेत, ही आणखी एक चिंता. यावर उत्तर सापडले आओमोरी प्रांतातील हिरोसाकी येथे. तेथील किल्ल्यात १८८२ साली एका माजी सामुराईने एक हजार रोपे लावली होती. 'साकुरा छाटतो तो मूर्ख' अशी जुनी म्हण असल्यामुळे कोणी फांदीला हात लावत नसे. हिरोसाकी हा सफरचंदांचा प्रदेश. तेथील माळ्यांनी सफरचंदाच्या छाटणीची रीत साकुरावर वापरून पाहिली आणि जुन्या झाडांना नवा जोम आला. तेथे शंभरी ओलांडलेली सोमेइ-योशिनो आजही फुलतात. जुन्या म्हणीचा मान राखूनही, झाडाच्या भल्यासाठी ती बाजूला ठेवण्याचे धैर्य त्या माळ्यांनी दाखवले.

फुलाच्या नावाने

आता या कथेतील अवघड भागाकडे वळले पाहिजे. १८६८नंतरच्या मेइजी काळात जपानने आधुनिक सैन्य उभारले. लष्करी छावण्या, शाळा, जुने किल्ले येथे साकुरा लावली जाऊ लागली. युद्धात पडलेल्यांचे स्मरण करणाऱ्या तोक्योच्या यासुकुनी देवस्थानातही साकुरा बहरली. हळूहळू फुलाचा अर्थ बदलू लागला. शेतकऱ्यासाठी साकुरा म्हणजे पिकाची आशा होती, कवीसाठी क्षणभंगुरतेची जाणीव. आता मात्र 'एकदम आणि न कुरकुरता गळणारे फूल' म्हणजे सम्राटासाठी मरणारा सैनिक, असा अर्थ पाठ्यपुस्तकांतून आणि लष्करी गाण्यांतून रुजवण्यात आला.

ऑक्टोबर १९४४मध्ये आत्मघाती विमानपथके तयार झाली. त्यांची पहिली नावे अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा यांच्या एका कवितेतून घेतली गेली. त्यांतील एक नाव 'यामाझाकुरा' म्हणजे डोंगरी साकुरा असे होते. नोरिनागा यांनी सकाळच्या उन्हात फुललेल्या साकुरात जपानी मनाची ओळख पाहिली होती. त्यांच्या कवितेत मरणाची आज्ञा नव्हती. स्फोटके भरलेले आणि चालकाला परतीचा मार्ग नसलेले एक अस्त्र तयार झाले, त्याचे नाव 'ओका', म्हणजे साकुराचे फूल. दक्षिणेतील चिरान तळावरून उडणाऱ्या तरुण वैमानिकांना शाळकरी मुली साकुराच्या फांद्या हलवून निरोप देत असल्याचे एप्रिल १९४५मधले छायाचित्र प्रसिद्ध आहे.

जपानमध्ये जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी या वैमानिकांपैकी विद्यार्थी असलेल्यांच्या रोजनिशा अभ्यासल्या आणि २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ही मुले आंधळी नव्हती, हे त्या रोजनिशांतून दिसते. ती तत्त्वज्ञान आणि साहित्य वाचणारी होती, युद्धाविषयी शंका बाळगणारी होती, आईच्या आठवणीने व्याकूळ होणारी होती. आपल्या देशावर आणि आपल्या फुलावर त्यांचे खरे प्रेम होते. त्याच प्रेमाचा वापर त्यांना मरणाकडे नेण्यासाठी झाला. ओनुकी-टिअर्नी यांचे म्हणणे असे, की प्रतीकाचा अर्थ बदलत असताना तो बदल कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटते, आपण त्याच जुन्या फुलाविषयी बोलत आहोत.

देशावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करावा. परंपरेच्या नावाने काही मागितले जाते, तेव्हा ती मागणी खरोखर परंपरेची आहे की परंपरेचे वस्त्र पांघरून आलेल्या दुसऱ्या कोणाची, हे तपासण्याची जबाबदारी परंपरा मानणाऱ्यावरच असते. बाहेरचा माणूस ते करू शकत नाही.

साकुरा परदेशी गेली, तिचेही असेच दोन चेहरे दिसले. कोरिया ताब्यात घेताना जपानी सत्तेने सोलमधील चांगग्योंगगुंग या राजवाड्याचे प्राणिसंग्रहालय केले आणि तेथे साकुरा लावली. कोरियन जनतेला त्या फुलांत अपमान दिसला. १९८०च्या दशकात राजवाड्याची पुनर्रचना करताना ती झाडे तेथून हलवण्यात आली.

एक भेट आणि तिची परतफेड

अमेरिकेची गोष्ट निराळी. तोक्योचे महापौर युकिओ ओझाकी यांनी वॉशिंग्टनला साकुराची भेट पाठवायचे ठरवले. १९१० साली गेलेली दोन हजार झाडे किडीने ग्रासलेली निघाली आणि ती जाळून टाकावी लागली. जपानने रोष धरला नाही. काळजीपूर्वक नवी कलमे तयार केली आणि १९१२ साली ३,०२० झाडे पाठवली. ही कलमे तोक्योतील आराकावा नदीच्या बांधावरील नामवंत झाडांची होती. २७ मार्च १९१२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी यांनी पहिली दोन झाडे लावली.

डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि चार दिवसांनी वॉशिंग्टनमधील चार झाडे कोणी तरी तोडली. परंतु बाकीची झाडे टिकली. इकडे आराकावाच्या बांधावरील मूळ झाडे नदीची कामे, प्रदूषण आणि युद्धकाळातील हाल यांमुळे नष्ट होत गेली. १९५२ साली वॉशिंग्टनमधील झाडांच्या कलमकाड्या जपानला परत पाठवण्यात आल्या. सात वर्षांपूर्वी एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन देशांत हे घडले. ओंजळभर दिलेले गरजेच्या वेळी परत आले.

धरण, दोन झाडे आणि एक बसवाहक

साकुरा टिकली ती सम्राटांमुळे आणि शोगुनांमुळेच, असे समजण्याचे कारण नाही. गिफू प्रांतात शोकावा नदीवर मिबोरो धरण बांधले गेले, तेव्हा डोंगरातील गावे बुडणार होती. गावकऱ्यांचा विरोध मोठा होता. वीज कंपनीचे पहिले अध्यक्ष तात्सुनोसुके ताकासाकी तेथे गेले असता एका मंदिराच्या आवारातील शेकडो वर्षांचे साकुराचे झाड त्यांनी पाहिले. गाव वाचवता येणार नाही, निदान हे झाड वाचावे, या भावनेने त्यांनी साकुराचे जाणकार शिन्तारो सासाबे यांना साकडे घातले. १९६० साली दोन मंदिरांतील दोन प्रचंड वृक्ष मुळांसकट उचलून धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगरउतारावर नेऊन लावले. अनेक तज्ज्ञांनी ते अशक्य म्हटले होते. पुढच्या वसंतात त्यांना कोंब फुटले. विस्थापित गावकरी बहराच्या दिवसांत त्या झाडांपाशी जमू लागले. गाव पाण्याखाली, घर पाण्याखाली, पण गावाचे झाड मात्र जागेवर आहे, या भावनेने.

त्या रस्त्याने नागोया ते कानाझावा अशी बस जात असे. र्योजी सातो हे तिच्यावर वाहक होते. ही दोन झाडे पुन्हा जगताना त्यांनी पाहिली आणि प्रशांत महासागरापासून जपानच्या समुद्रापर्यंतचा सगळा बसमार्ग साकुराने जोडायचा, असा निश्चय केला. मार्ग अडीचशे किलोमीटरहून लांब. नोकरी सांभाळून, तुटपुंज्या पगारातून, सुटीच्या दिवशी त्यांनी रोपे लावली. बारा वर्षांत सुमारे दोन हजार झाडे लावून झाली. १९७७ साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आजारपणात त्यांचे निधन झाले. मार्ग पूर्ण झाला नाही. परंतु त्यांची गोष्ट जपानभर पोहोचली, तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यांच्यामागे इतरांनी रोपे लावली. पद नाही, पैसा नाही, प्रसिद्धीची हाव नाही, अशा माणसाच्या हातून परंपरा पुढे जाते ती अशी.

बहराचे पंचांग बिघडते आहे

साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, मग झोपी जातात. त्यांना जागे करायला हिवाळ्यातील पुरेशी थंडी लागते आणि उमलायला नंतरची ऊब. म्हणून बहराची तारीख म्हणजे हवामानाचा लेखाजोखाच असतो. जानेवारीत दक्षिणेला ओकिनावात तिथली गडद गुलाबी साकुरा फुलते आणि मे महिन्यात उत्तरेच्या होक्काइडोत बहर पोहोचतो. दरम्यानच्या प्रवासाला 'साकुरा आघाडी' म्हणतात आणि दूरदर्शनवर तिचा नकाशा पावसाच्या अंदाजासारखा दाखवला जातो. १९५३पासून हवामान खाते नेमून दिलेल्या झाडांची पाहणी करते. ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा होते. तोक्योचे हे झाड यासुकुनी देवस्थानात आहे.

क्योतोच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात. ओसाका येथील संशोधक यासुयुकी आओनो यांनी राजवृत्तांत, सरदारांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशा चाळून बहराच्या तारखा एकत्र केल्या. जगात कोणत्याही झाडाची इतकी प्रदीर्घ नोंद क्वचितच असेल. फुलांचे कौतुक म्हणून लिहिलेल्या ओळी आज विज्ञानाचा पुरावा झाल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्योतोतील पूर्ण बहर साधारणपणे एप्रिलच्या मध्यावर येई, आता तो एप्रिलच्या आरंभी येतो. २०२१ साली तो २६ मार्चला आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत तोवर इतका लवकर बहर कधीच आलेला नव्हता. त्याआधीचा विक्रम २७ मार्चचा, इ. स. १४०९मधला होता. तापणारी शहरे आणि तापणारी पृथ्वी ही त्याची कारणे आहेत. उबदार प्रदेशात हिवाळ्याची थंडीच अपुरी पडली, तर कळ्यांची झोप नीट मोडत नाही आणि बहर विरळ होतो, ही पुढची भीती. एप्रिलमध्ये जपानमध्ये शाळा सुरू होतात. साकुराखाली उभ्या असलेल्या नव्या विद्यार्थ्याचे छायाचित्र घरोघरी असते. आता कित्येक शहरांत शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत फुले गळून गेलेली असतात.

शोक आणि उत्सव

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंपाने आणि त्सुनामीने ग्रासले. हजारो माणसे मेली, फुकुशिमा येथील अणुभट्ट्या फुटल्या. दोनच आठवड्यांत साकुरा फुलणार होती. अशा वेळी हानामी करावी काय? तोक्योचे तत्कालीन राज्यपाल शिन्तारो इशिहारा यांनी ही मौजमजेची वेळ नाही, असे सांगितले. उद्यानांत संयमाचे आवाहन करणारे फलक लागले. अनेकांना ते पटले. परंतु आपत्तिग्रस्त इवाते प्रांतातील एका साके-उत्पादकाने उलट विनंती केली. कृपा करून हानामी करा, आमच्या प्रांतातील साके प्या. तुम्ही थांबलात तर आम्ही भूकंपानंतर दुसऱ्यांदा बुडू, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. दोन्ही बाजूंना करुणा होती. अखेर लोक झाडांखाली गेले. आवाज कमी होता आणि मदतनिधीच्या पेट्या ठेवलेल्या होत्या.

फुकुशिमातील तोमिओका गावी योनोमोरी भागात रस्त्याच्या दुतर्फा साकुराचा दोन किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. गाव रिकामे केल्यावर ती झाडे माणसांवाचून फुलत राहिली. किरणोत्सर्गाची साफसफाई होत गेली, तसे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले. १ एप्रिल २०२३ रोजी योनोमोरीतील निवासी भागावरची बंदी उठली, तेव्हा झाडे बहरातच होती. परतलेली माणसे मात्र थोडी आहेत.

इवातेतील रिकुझेनताकाता या शहरात त्सुनामीने सतराशेहून अधिक बळी घेतले. पाणी पूर्वीही वर आले होते. जुन्या पिढ्यांनी दगड उभारून खुणाही केल्या होत्या. पण दगड लोक विसरतात. म्हणून तेथील तरुणांनी २०११ सालीच एक संकल्प केला. पाणी जेथवर चढले, त्या रेषेवर दर दहा मीटरांवर एक साकुरा लावायची. रेषेची लांबी एकशे सत्तर किलोमीटर, झाडे सतरा हजार. 'साकुरा लाइन ३११' या नावाने हे काम सुरू झाले. जमिनीच्या मालकाची संमती मिळवायची, खड्डा खणायचा, रोप लावायचे, आणि वर्षानुवर्षे निगा राखायची. काम संथ आहे. पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतील, हे लावणाऱ्यांना ठाऊक आहे.

दगडाकडे कोणी दरवर्षी पाहत नाही, फुललेल्या झाडाकडे मात्र सारे गाव पाहते. दर वसंतात मुले त्या झाडांखाली बसतील, डबा उघडतील आणि ही झाडे एका ओळीतच का, असे विचारतील. मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल : भूकंप झाला तर या ओळीच्या वर पळायचे. सम्राट सागाच्या दरबारात कविता झाल्या, योशिनोत नवस फेडले गेले, आसुकायामावर माणसे हसली-गायली, चिरानच्या तळावर याच फांद्यांनी मुलांना मृत्यूकडे निरोप दिला गेला. त्याच फुलाला आज हे तरुण मुलांना वाचवण्याच्या कामी लावत आहेत. एखादी परंपरा जिवंत आहे की नाही, हे अशा कामावरून कळते.